टप उघडा, दार बंद



जुन्या, दुर्मिळ, टप उघडणाऱ्या मोटारी जमवण्याचा छंद हा माझ्यासारख्या निवृत्त मास्तराने बोलावा असा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. आमच्या पेन्शनीत अशा गाडीचं एक चाकसुद्धा यायचं नाही. माझी आजवरची वाहनसंपदा म्हणजे एक सायकल, एक स्कूटर आणि मुलाच्या आग्रहाखातर घेतलेली एक छोटी मोटार. तरीही लिहितोय, याला कारण माझा मिशिगनला असलेला पुतण्या. तो मला या गाड्यांचे फोटो आणि लिलावाच्या बातम्या पाठवत असतो आणि दर वेळी खाली विचारतो, "काका, याला वेड म्हणायचं की वारसा?" पंचवीस-तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे हा प्रश्न मला मोटारीपेक्षा इतिहासाचाच जास्त वाटतो. जुनी वस्तू कोणाची? पैसे मोजणाऱ्याची, बनवणाऱ्याची, की बघणाऱ्याची?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना वाचता वाचता भांडता येईल. या गाड्या जमवणाऱ्यांचे आपल्यावर उपकार आहेत. ते नसते तर यातल्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या असत्या. पण गाडी विकत घेतली म्हणून ती कायमची कुलपात घालण्याचा नैतिक अधिकार मिळतो, असं मला वाटत नाही. आणि टप उघडणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर मुळीच वाटत नाही. कारण ती बनवली जाते तीच मुळी बसणाऱ्याला जग दिसावं आणि जगाला बसणारा दिसावा म्हणून!

आता जरा मागे जाऊ या. आपल्याकडे उघडी गाडी म्हटलं की निवडणुकीतली जीप आठवते, नाहीतर वरातीतला फुलांनी मढवलेला नवरदेव. ज्याला कन्व्हर्टिबल म्हणतात ती गाडी म्हणजे लोखंडी कमानींवर कापडी टप ताणलेली, आणि हवं तेव्हा तो टप घडी करून मागे टाकता येणारी. आज ती चैनीची वस्तू वाटते, पण मोटारींच्या सुरुवातीच्या काळात उघडी गाडी हीच साधी गाडी होती. मोटार बग्गीतून जन्मली, आणि लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून चारी बाजूंनी बंद खोली करणं हे महागडं काम होतं. बंद गाडी श्रीमंतांची, उघडी गाडी इतरांची. पुढे अमेरिकेत हडसन कंपनीने १९२२ साली एसेक्स नावाची बंद गाडी उघड्या गाडीपेक्षा थोड्याच जास्त किमतीला बाजारात आणली. बाकीच्या कंपन्याही त्या वाटेला लागल्या. १९२० चं दशक संपेपर्यंत बहुतेक लोक बंद गाडी घेऊ लागले होते. ऊन, पाऊस, धूळ अंगावर घ्यायची कोणाला हौस असते? गंमत बघा, जी गाडी एकेकाळी परवडणारी म्हणून घेतली जायची ती आता हौसेची झाली.

आजचं तिचं दुर्मिळपण यातूनच आलं. टप गळतो, कापड फाटतं, वाऱ्याचा आवाज येतो. शिवाय छप्पर हा गाडीच्या सांगाड्याचा आधार असतो. तो काढला की गाडी खड्ड्यात थरथरते, म्हणून खालून जास्तीचा पत्रा लावून तिला बळकट करावं लागतं. वरून गळलेलं पाणी नेमकं तिथेच साठतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. एकतर मुळात थोड्या बनल्या, त्यातल्या बऱ्याच गंजून गेल्या. उरलेल्या हाताच्या बोटांवर.

एक उदाहरण देतो. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा ही अमेरिकन गाडी. अवाढव्य इंजिन आणि वर उघडणारा टप. त्या वर्षी अशा किती बनल्या? फक्त अकरा. कंपनीने मुद्दाम थोड्या बनवल्या असं नाही, लोकांनाच नको होत्या. असल्या दांडग्या इंजिनाच्या गाड्यांचा विमा भरता भरता तरुणांचा खिसा रिकामा व्हायचा. त्या अकरापैकी एक गाडी २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. वर्गात ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही असा मुलगा पुढे जिल्ह्याचा कलेक्टर होऊन येतो आणि सगळे त्याच्याभोवती जमतात, तसं हे. दुर्मिळ म्हणजे कोणे एके काळी नकोशी झालेली, हे संग्राहकाने विसरू नये.

आणि मुद्दाम दुर्मिळता विकत घ्यायला गेलं तर काय होतं, त्याचीही एक गोष्ट आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत अशी हवा होती की, गाडी उलटली तर माणूस वाचला पाहिजे असे कडक नियम येणार आणि बिनछपराच्या गाड्या बंद होणार. तोवर गाडीतच एअरकंडिशनर आला होता, त्यामुळे टप उघडणाऱ्या गाड्यांचा खपही घसरला होता. एकेक कंपनी त्या बनवायचं थांबवत गेली. शेवटी उरली कॅडिलॅक कंपनीची एल्डोराडो. ही अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल, असा गाजावाजा करून १९७६ साली १४,००० गाड्या बनवल्या गेल्या. शेवटच्या २०० तर एकसारख्या पांढऱ्याशुभ्र. साधारण ११,००० डॉलरच्या या गाडीला लोकांनी वरचे पैसे दिले, घरी नेली, आच्छादन घातलं आणि गॅरेज बंद केलं. नातवंडांची लॉटरी!

पुढे काय झालं? तसा नियम काही आला नाही. १९८२ साली क्रायस्लर कंपनीने टप उघडणारी गाडी पुन्हा बाजारात आणली. आणि १९८४ सालच्या गाड्यांमध्ये खुद्द कॅडिलॅकनेच एल्डोराडोचा उघडा अवतार परत आणला. आधीच्या मालकांपैकी काहीजण चिडून कोर्टात गेले, 'शेवटची म्हणून विकलीत, आता ही कुठून आली?' मला हसू येतं आणि वाईटही वाटतं. चौदा हजार माणसांनी एकच विचार करून जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ होणार कशी? ज्यांनी टप उघडून उन्हाळाभर बायकामुलांना हिंडवलं, त्यांचे पैसे तेव्हाच वसूल झाले. ज्यांनी न वापरता ठेवली त्यांच्याकडे उरली ती अगदी थोडी चाललेली एक मोठी गाडी आणि वाट बघण्यात गेलेली वर्षं.

आता दोन फ्रेंच संग्राहकांकडे वळू. पहिले रॉजर बायों. पश्चिम फ्रान्समधले मालवाहतुकीचे व्यावसायिक. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक जुन्या भारी गाड्या भंगारात घालत होते, त्या काळात हा माणूस त्या वाचवत होता. त्याला संग्रहालय काढायचं होतं. दृष्टी किती मोठी बघा! पण १९७० च्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या आणि बाकीच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडखाली तशाच उभ्या राहिल्या. २०१४ साली लिलाव कंपनीची माणसं तिथे पोचली तेव्हा वेलींनी वेढलेल्या, पत्रा गळून पडलेल्या गाड्यांच्या रांगाच्या रांगा त्यांना दिसल्या. त्यातच एका गॅरेजात मासिकांच्या ढिगाऱ्याखाली १९६१ ची फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर होती. टप उघडणारी, आखूड चासीची. अशा फक्त छप्पन्न बनल्या होत्या, आणि ही तर एकेकाळी आलँ दलाँ या फ्रेंच नटाची. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला ५९ गाड्यांचा लिलाव झाला. ही एकटी फेरारी कमिशन धरून सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली.

वर्तमानपत्रांना ही बातमी खजिना सापडल्याची वाटली. मला मात्र त्या फोटोतल्या बाकीच्या गाड्या दिसत राहिल्या. एक फेरारी तरली म्हणून जल्लोष करायचा, पण तिच्या कित्येक सोबतिणी कुजून गेल्या त्याचं काय? यात बायों यांना मी दोष देत नाही, दिवाळं कोणावरही येऊ शकतं. पण त्या गाड्या आधीच लोकांनी पाहिलेल्या असत्या, गावाला त्यांची माहिती असती, पोरंसोरं त्यांच्याभोवती खेळलेली असती, तर त्या वाचवायला कोणीतरी पुढे आलं असतं असं मला वाटतं. जे कोणाला ठाऊकच नाही त्यासाठी कोण धावणार?

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे, आणि आपल्या मुंबईच्या माणसाला ती जास्त टोचेल. फ्रान्सच्या पूर्व टोकाला मुलूझ नावाचं शहर आहे. कापडगिरण्यांचं शहर, त्याला फ्रान्सचं मँचेस्टर म्हणत. तिथे हान्स आणि फ्रिट्झ श्लुंफ हे दोघे भाऊ लोकरीच्या सूतगिरण्यांचे मालक होते. धाकट्या फ्रिट्झला बुगाटी गाड्यांचं विलक्षण वेड. ही गाडी त्याच भागात, मोल्सहाइम या गावी बनायची. १९६० च्या दशकात त्याने त्या जमवायला सुरुवात केली. १९६४ साली अमेरिकेतल्या जॉन शेक्सपिअर (नाटककार नव्हे हो!) नावाच्या संग्राहकाकडून एकदम तीस बुगाटी घेऊन त्याने त्या फ्रान्सला आणवल्या. एका बंद गिरणीच्या इमारतीत निवडक कारागिरांकडून त्यांची दुरुस्ती चालायची. पॅरिसच्या पुलावरच्या दिव्यांसारखे खांब करवून घेतले. आईच्या नावाने संग्रहालय करायचं मनात होतं. पण बाहेर कोणाला काही कळू द्यायचं नाही.

इकडे कापडधंदा मंदीत गेला. १९७६ साली गिरण्या बंद पडायला लागल्या, कामगारांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या, संप झाला. मालक भाऊ स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये कामगार त्या इमारतीत शिरले आणि बघतात तर काय, चारशेहून जास्त मोटारी! त्यात शंभराहून अधिक बुगाटी. जगात मोजून सहा बनलेल्या बुगाटी रॉयालपैकी दोन तिथे! ज्या गिरणीत पगाराला पैसे नाहीत असं सांगत होते, तिथल्या माणसांना ते दृश्य बघून काय वाटलं असेल? आपल्या घामाचे पैसे कुठे गेले ते त्यांना चकचकीत क्रोममध्ये दिसलं.

आणि इथे मला त्या कामगारांचं फार कौतुक वाटतं. रागाच्या भरात तो सगळा संग्रह त्यांना फोडून टाकता आला असता. त्यांनी इमारतीचा ताबा घेतला, तिला कामगारांचं संग्रहालय असं नाव दिलं आणि लोकांना आत येऊ दिलं. सुमारे दोन वर्षं त्यांनी ते चालवलं. १९७८ साली फ्रेंच सरकारने या गाड्यांना ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला, त्यामुळे त्या फुटकळ विकून देशाबाहेर जायच्या थांबल्या. जुलै १९८२ मध्ये रीतसर राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. ते आजही आहे.

१९८२ हे साल वाचलं आणि मी थबकलो. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. तिथल्या एका बंद गिरणीत मोटारी उरल्या आणि त्या बघायला जग येतं. आपल्या गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. तुलना फार ताणायची नाही, दोन्हीकडचे प्रश्न वेगळे होते. पण 'मालकाच्या हौसेच्या वस्तूत कामगाराचाही वाटा असतो' हे मुलूझमध्ये जितकं उघड झालं तितकं क्वचितच कुठे झालं असेल.

त्या संग्रहालयात एक टप नसलेली रॉयाल आहे, तिची कहाणीही सांगण्यासारखी आहे. आर्मां एस्देर्स नावाच्या कापड व्यापाऱ्याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बनवून घेतली. जवळजवळ तेरा लिटरचं इंजिन, बोटीएवढी लांब, दोन माणसांपुरती उघडी गाडी. आणि पुढचे मोठे दिवेच नाहीत! कारण काय, तर साहेब रात्री गाडी चालवत नसत. पुढे गाडी दुसऱ्याकडे गेली, तिचा उघडा साज काढून बंद साज चढवला गेला आणि मूळ रूप कायमचं गेलं. मुलूझला आज दिसते ती जुने सुटे भाग वापरून १९९० साली पुरी केलेली प्रतिकृती. सुंदर आहे म्हणतात, असेलच. पण ती नक्कल आहे हे तिथे सांगितलं जातं, याचं मला जास्त महत्त्व वाटतं.

कारण या छंदातला दुसरा मोठा प्रश्न खऱ्या-खोट्याचा आहे. उघड्या गाडीला बंद गाडीपेक्षा कितीतरी जास्त भाव येतो म्हटल्यावर काही महाभाग काय करतात, तर बंद गाडीचं छप्पर कापून टाकतात, वर कापडी टप शिवतात आणि उघडी म्हणून विकतात. म्हणून जाणकार माणूस रंग बघत नाही, चासीचा आणि इंजिनाचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी ताडून बघतो. आम्ही मुलांना सांगायचो, साधन अस्सल आहे की नाही ते आधी तपासा, निष्कर्ष मग काढा. मोटारीलाही तोच नियम.

दुसरा प्रकार प्रामाणिक माणसांकडून होतो. गाडी इतकी चकचकीत करायची की कारखान्यातून निघाली तेव्हाही तिला एवढी झिलई नसेल. जुनं कातडं फेकलं, नवं लावलं. ओरखडा भरला. ज्या ठिकाणी तीस वर्षं कोणाचं तरी कोपर टेकलं होतं ती जागा गुळगुळीत केली. असं करताना गाडी वाचते पण तिची आठवण पुसली जाते. जुन्या देवळाला ऑइलपेंट फासतात ना, तसंच हे!

यावर एक आशेची बातमी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच या समुद्रकाठच्या गावी १९५० पासून अशा गाड्यांची स्पर्धा भरते. आजच्या घडीला ती जगातली सर्वांत मानाची समजली जाते. इतकी वर्षं तिथे अव्वल नंबर चकचकीत गाडीलाच मिळायचा. २०२४ साली प्रथमच, नवा साज न चढवलेली, आहे तशी जपलेली गाडी सर्वश्रेष्ठ ठरली. १९३४ ची बुगाटी टाइप ५९. उघडी, शर्यतीची. त्याच वर्षी बेल्जियमची शर्यत जिंकलेली आणि नंतर बेल्जियमच्या तिसऱ्या लिओपोल्ड राजाकडे असलेली. अंगावरचा जुना रंग आणि जुन्या खुणा तशाच! परीक्षकांनी ओरखड्यांना मार्क दिले म्हणायचे.

त्या स्पर्धेचा आणखी एक नियम मला फार आवडला. स्पर्धेआधी तीन दिवस या गाड्यांची समुद्रकाठच्या रस्त्यावरून फेरी निघते. रस्त्याच्या कडेला उभं राहून कोणीही बघावं, तिकीट नाही. आणि स्पर्धेत एका गटातल्या दोन गाड्यांचे गुण सारखे झाले, तर जी गाडी ती फेरी पुरी करून आली तिला वरचा नंबर. माझ्या सगळ्या म्हणण्याचं सार या एका नियमात आहे.

आता यावर आक्षेप येतात, तेही बघू.

पहिला आक्षेप, चालवली की गाडी झिजते आणि अपघाताची भीती. झिजते हे खरंच. पण उभी गाडी जास्त वाईट मरते हे कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा. टाकीतलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर चोंदतो, रबरी सील वाळून तडकतात, एकाच जागी भार पडून टायर चपटे होतात, ब्रेकमध्ये गंज धरतो, आणि महिनोन्महिने घडी करून ठेवलेल्या टपाला घडीवरच चिरा पडतात. आमच्या आजोळी एक बाजाची पेटी होती. 'खराब होईल' म्हणून मुलांना तिला हात लावायची बंदी होती. आजोबांच्या मागे मामांनी ती कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. पंधरा-वीस वर्षांनी कोणाच्या तरी मुंजीत काढली तर भाता कसरीने खाल्लेला, निम्म्या पट्ट्या मुक्या! तिच्याच वयाची एक पेटी आमच्या गावच्या भजनी मंडळात होती. तिच्या पट्ट्या बोटांनी झिजून पिवळ्या पडल्या होत्या, भात्याला ठिगळं होती, पण ती वाजत होती. सांगा, कोणती पेटी जपलेली म्हणायची?

दुसरा आक्षेप, माझ्या पैशाची वस्तू, मी काय वाटेल ते करीन. कायद्याने खरं आहे. पण जगात अकराच उरलेल्या वस्तूचा मालक आणि बाजारातून टीव्ही आणणारा मालक यांत फरक करायला नको का? ज्याच्या घरी जुनी बखर निघते त्याला आम्ही इतिहासवाले हेच विनवत आलो, की बाबा रे, कागद तुझा, पण निदान नक्कल करू दे. घराण्यांच्या दप्तरांतले किती कागद वाळवीने खाल्ले आणि त्याबरोबर किती प्रश्नांची उत्तरं गेली, हे ज्याने अनुभवलंय त्याला कुलपाची धास्ती वाटतेच.

तिसरा आक्षेप आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरचा. 'अहो, हे श्रीमंतांचे चोचले. गरिबाला काय त्याचं?' मला हे पटत नाही. किल्ले आणि वाडेही श्रीमंतांचेच होते, पण बांधले पाथरवटांनी आणि सुतारांनी. या गाड्यांचा पत्रा लाकडी ठोकळ्यावर हातोडीने ठोकून वळवलेला असायचा. टप शिवणारा कारागीर कापडाला अशी ओढ द्यायचा की उघडा असो वा बंद, सुरकुती पडू नये. त्यांची नावं कुठेच नाहीत. त्यांचं काम डोळ्यांनी बघायला मिळणं एवढंच त्यांचं स्मारक. गाडी कुलपात गेली की मालकाचं नाव राहतं आणि नेमकी हीच माणसं दिसेनाशी होतात.

आपल्या देशातही आता याबाबत नियम झाला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षांसाठी, आणि पुढे पुन्हा नोंदणीला ५,०००. प्रदर्शन, संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांसाठी गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मात्र परवानगी नाही. काही हौशी मंडळी या शेवटच्या अटीवर नाराज आहेत. मला ती रास्त वाटते. जुन्या गाडीचा धूर असतो, ब्रेकही जुने असतात, आणि आजच्या रहदारीत रोज तिला हाकणं तिच्याही हिताचं नाही. पण रॅली आणि प्रदर्शन यांचं दार सरकारने उघडं ठेवलंय, ते निदान मालकांनी तरी वापरावं.

माझी या संग्राहकांकडून फार मोठी अपेक्षा नाही. वर्षातून निदान एकदा गाडी रस्त्यावर आणा, शक्यतो सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे पोरांना बघता येईल. गाडीची वही ठेवा: कोणाची होती, कोणी दुरुस्त केली, काय बदललं, काय मूळचं आहे. आणि एखाद्या तरुण फिटरला, एखाद्या सीट शिवणाऱ्याला हाताशी घेऊन शिकवा, किंवा शिकवायला लावा. कारण गाडी उरली आणि तिचा टप शिवणारा हात उरला नाही, तर पुढच्या पिढीला नुसता सांगाडा मिळेल.

शाळेच्या सहलीला मुलांना संग्रहालयात नेलं की तोफेपाशी एक प्रश्न हमखास यायचा, 'सर, ही अजून उडते का?' आम्ही त्यांना साल सांगत असू, तह सांगत असू, आणि त्यांचं लक्ष तोफेच्या तोंडाकडे. तोफ न उडवलेलीच बरी. पण मोटारीच्या बाबतीत त्या प्रश्नाला 'हो, ऐक!' असं उत्तर देता येतं. किल्ली फिरवायची, टप मागे टाकायचा, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वी जो आवाज कोणीतरी ऐकला होता तोच आवाज आज सातवीतल्या पोराला ऐकवायचा. इतिहासाच्या मास्तराला याहून चांगलं साधन कुठलं मिळणार?

असो. बरंच लांबलं. तुमच्या गावात कोणाच्या वाड्यात, गोठ्यात, जुन्या गॅरेजात आच्छादनाखाली एखादी गाडी उभी असेल तर मालकांना जाऊन भेटा. मागू नका, किंमत विचारू नका. फक्त 'बघू का?' म्हणा. आणि काय पाहिलंत ते मला जरूर कळवा.